ग्रोथ हार्मोन आत्ता सुरू करावं की थांबावं? वय 8 वर्षे 4 महिने, उंची 109 सेंमी

मानपाडा_आई

नमस्कार. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलाला रोजचं ग्रोथ हार्मोन सुरू करायचं का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं आहे. हाताशी असलेलं सगळं लिहिते.

वय 8 वर्षे 4 महिने, मुलगा. उंची 109.0 सेंमी, वजन 17 किलो. बरोबर वर्षापूर्वी उंची 105.4 होती, त्याआधीच्या वर्षी 101.5. तिन्ही वेळा एकाच दवाखान्यात मोजलेली. जन्म पूर्ण दिवसांचा, वजन 2.9 किलो. बाबांची उंची 166, माझी 153. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवर बोन एज (हाडांवरून ठरणारं वय) 6 वर्षे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 2.4, हिमोग्लोबिन 11.8, क्रिएटिनिन नॉर्मल. आयजीएफ-1 (ग्रोथ हार्मोनमुळे शरीरात बनणारा घटक) वयाच्या मर्यादेपेक्षा कमी. क्लोनिडीन देऊन केलेल्या स्टिम टेस्टमध्ये (औषध देऊन ग्रोथ हार्मोन किती वाढतं ते बघतात) ग्रोथ हार्मोन जास्तीत जास्त 4.8 पर्यंत गेलं. एमआरआय झालेला नाही.

सासूबाईंचं म्हणणं, ह्याचे बाबासुद्धा दहावीनंतरच वाढले, तेव्हा थांबा. हे कितपत धरायचं? एका टेस्टवर काही वर्षांची इंजेक्शनं सुरू करणं योग्य आहे का? खर्चाचा अंदाज कसा बांधायचा? आणि हे औषध मेंदूतून काढतात असं एका नातेवाइकांनी सांगितलंय, त्यात कितपत तथ्य आहे? शाळेत मोठी मुलं त्याला पहिलीतला समजून उचलून घेतात आणि ते त्याला अजिबात आवडत नाही, म्हणून विषय सारखा डोक्यात असतो. पण घाईत चुकीचं काही करायचं नाही.

वाढ_आलेख

ताई, तुम्ही सलग तीन वर्षांची मोजमापं दिलीत ते फार बरं केलंत. या निर्णयात 109 या आकड्यापेक्षा त्याच्या मागचे दोन आकडे महत्त्वाचे आहेत. एका वर्षात 3.9 सेंमी आणि पुढच्या वर्षात 3.6. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल साधारण वर्षाला 5 ते 6 सेंमी वाढतं. 4 च्या खाली आणि तेही सलग दोन वर्षं, म्हणजे वाढ कुठेतरी अडते आहे. बुटकं पण वर्षाला साडेपाच सेंमी वाढणारं मूल वेगळं आणि तुमचा मुलगा वेगळा.

आई-बाबांच्या उंचीवरून हिशेब असा: मुलासाठी दोघांच्या उंचीची बेरीज अधिक 13, भागिले 2. म्हणजे 166 अधिक 153 अधिक 13, भागिले 2, बरोबर 166. दोन्ही बाजूंना सुमारे 8 सेंमी सोडा, तर मोठेपणी तो 158 ते 174 च्या पट्ट्यात बसायला हवा. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचा 2015 चा आलेख घ्या (5 ते 18 वर्षांसाठी तोच वापरतात) आणि तिन्ही मोजमापांचे ठिपके मांडा. तो सगळ्यात खालच्या, म्हणजे तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेच्या (शंभरात तीनच मुलं हिच्या खाली असतात) खाली आहेच, पण ठिपके त्या रेषेपासून दूर दूर जाताना दिसतील. असा घसरणारा आलेख घराण्याच्या ठेवणीत बसत नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा. तो अगदीच गैर नाही. उशिरा वयात येणारी मुलं असतात, बाबा किंवा मामा तसे असतात, त्यांचंही बोन एज दोन वर्षं मागे असतं आणि त्यांना औषध लागत नाही. पण ती मुलं या वयात रेषेला समांतर चालतात, बहुधा वर्षाला साडेचार-पाचच्या आसपास. त्यांचा वेग मंदावतो तो वयात येण्याच्या थोडं आधी, साधारण अकरा-बारा-तेराव्या वर्षी. आठव्या वर्षी 3.6 आणि सोबत आयजीएफ-1 कमी, हे बाबांच्या इतिहासावर सोडून देण्यासारखं नाही. बोन एज मागे असण्याचा अर्थ एवढाच की अजून वाव आहे. कारण त्यातून कळत नाही.

तरीही मी उद्या सुरू करा असं म्हणणार नाही. तुमच्या यादीत काही गोष्टी नाहीत, आणि त्या नसताना इंजेक्शन सुरू करणं मला पटत नाही.

पहिली, फ्री टी-4, म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन. टीएसएच 2.4 पाहून थायरॉइड ठीक म्हणून पुढे जातात. पण अडचण जर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत असेल, तर टीएसएच नॉर्मल दिसूनही टी-4 कमी असू शकतो, कारण टीएसएच तिथूनच निघतं. थायरॉइड कमी असताना केलेली स्टिम टेस्टही खोटी कमी येते. म्हणजे आधी ते भरून काढायचं, मग टेस्ट. सोबत सकाळी 8 चं कॉर्टिसॉल, कारण तेही हार्मोन पिट्युटरीच्या इशाऱ्यावर बनतं.

दुसरी, सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्यांचा आजार. टीटीजी-आयजीए आणि टोटल आयजीए या दोन्ही रक्ततपासण्या एकत्र करायला सांगा. आपल्याकडे भातावर वाढलेली मुलं म्हणून हे तपासायचं राहून जातं, पण डब्यात रोज पोळी असतेच. जुलाब नसतानाही सिलिअ‍ॅकची एकमेव खूण खुंटलेली वाढ असू शकते. हिमोग्लोबिन 11.8 हे फार कमी नाही, पण तेवढ्यावर सिलिअ‍ॅक नाही असं म्हणता येत नाही. टेस्टच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. टोटल आयजीए अशासाठी की तेच मुळात कमी असेल तर टीटीजी निगेटिव्ह येण्याला काही अर्थ उरत नाही. सिलिअ‍ॅक निघालं तर उपाय हार्मोन नाही, ग्लूटेनची धान्यं (गहू, जव) बंद करणं हा आहे, आणि त्यावर बहुतेक मुलांचा वेग भरून निघतो.

तिसरी, दुसरी स्टिम टेस्ट. ग्रोथ हार्मोन दिवसभर सारखं वाहत नाही, लाटांनी सुटतं, मुख्यतः गाढ झोपेत. म्हणून सकाळी सहज केलेल्या रक्ततपासणीत 0.3 आलं तरी त्यावरून काही ठरत नाही. औषध देऊन लाट उठवावी लागते. निरोगी मुलातही एखाद्या दिवशी ती नीट उठत नाही, म्हणून वेगवेगळ्या दोन औषधांनी टेस्ट करून दोन्हीत कमी आलं तर कमतरता धरतात. मर्यादा लॅबच्या पद्धतीप्रमाणे 7 किंवा 10 नॅनोग्रॅम असते, तेव्हा अहवालावर लॅबची पद्धत वाचा. तुमचं 4.8 दोन्ही हिशेबांनी कमी आहे, पण टेस्ट एकच आहे.

आणि दोन्हीत कमी आलं तर एमआरआय हवाच, पिट्युटरीचा, कॉन्ट्रास्टसह. ग्रंथी लहान आहे का, तिचा देठ तुटक आहे का, मागचा भाग जागेवर आहे का आणि मुख्य म्हणजे तिथे गाठ नाही ना, हे पाहायचं असतं. डोकेदुखी, सकाळची उलटी, बाजूचं कमी दिसणं यातलं काही असेल तर एमआरआय सगळ्यांच्या आधी. गाठ असताना हे हार्मोन देत नाहीत.

आणखी एक. बसून उंची आणि हातांची पसर मोजलीय का? हात-पाय धडाच्या मानाने आखूड असतील तर हाडांच्या आजारांकडे बघावं लागतं, आणि त्यातल्या बहुतेकांत हार्मोनचा उपयोग तुटपुंजा.

मेंदूतून काढतात ही गोष्ट जुनी आणि त्या काळापुरती खरी आहे. 1985 पर्यंत मृत व्यक्तींच्या पिट्युटरीतून ते काढलं जायचं, आणि त्यातून काही जणांना मेंदूचा क्रॉइट्झफेल्ट-जेकब हा जीवघेणा आजार झाला. तेव्हा ते थांबवलं. त्याच वर्षी अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार केलेल्या हार्मोनला मान्यता मिळाली. आज मिळतं ते सगळं तसं बनवलेलं. तुमच्या नातेवाइकांना हे जरूर सांगा.

ऐरोली_पेन_नर्स

स्टिम टेस्टच्या दिवसाबद्दल थोडं, कारण दुसरी टेस्ट बहुधा ग्लुकॅगॉनची असेल आणि ती क्लोनिडीनसारखी नाही.

रात्रीपासून 8 ते 10 तास उपाशी, पाणी चालतं. हातात एक सुई बसवून ठेवतात आणि तिच्यातूनच सगळे नमुने घेतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा टोचावं लागत नाही. क्लोनिडीनमध्ये मूल गाढ झोपतं आणि ब्लड प्रेशर उतरतं, दोन तासांत नमुने संपतात. तुमच्या मुलाच्या आकाराला साधारण 100 मायक्रोग्रॅमची एक गोळी बसते, मोठी नाही, तरी टेस्टनंतर एकदम उभं करू नका. आधी बसवा, काही खारट खायला द्या, प्रेशर मोजून घ्या आणि मगच निघा. झोपाळलेल्या मुलाला स्कूटरवर पुढे बसवून घरी नेऊ नका, रिक्षा करा.

ग्लुकॅगॉन दंडात किंवा मांडीत स्नायूत देतात. किलोला 0.03 मिग्रॅ, म्हणजे 17 किलोला अर्धा मिग्रॅ. नमुने तीन तासांपर्यंत चालतात कारण हार्मोनची लाट उशिरा येते. आधी साखर वाढते आणि नंतर घसरते, मळमळ आणि उलटी होऊ शकते. म्हणून शेवटच्या नमुन्यानंतर खायला घालायचं, ग्लुकोमीटरवर साखर बघायची आणि तासभर तिथेच थांबायचं. टेस्ट उरकली म्हणून लगेच लोकल पकडायची नाही. दमा किंवा त्वचेसाठी कुठलंही स्टिरॉइड चालू असेल तर आधीच सांगा, निकाल बदलतो. वयात येण्याच्या उंबरठ्यावरच्या मुलांना टेस्टआधी काही दिवस सेक्स हार्मोन देतात, नाहीतर उशिरा वयात येणाऱ्या मुलाला चुकून कमतरतेचा शिक्का बसतो. तुमच्या मुलाला वयामुळे ते लागणार नाही.

इंजेक्शन लिहून दिलंच तर घाबरू नका. सुई 4 मिमीची, 31 किंवा 32 गेजची. त्वचेखाली द्यायचं, रात्री झोपताना, कारण नैसर्गिक लाटाही तेव्हाच येतात. पेन (औषधाचं काडतूस बसवलेलं इंजेक्शन) फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, गार औषध जास्त चरचरतं. द्रव पाण्यासारखा स्वच्छ हवा. गढूळ किंवा कण दिसले तर वापरू नका, आणि हलवून फेस काढू नका. नवीन सुई लावा आणि डोस लावण्याआधी टोकावर थेंब दिसेपर्यंत एकदा हवेत उडवा. हा थेंब न दिसताच दिलेल्या डोसमध्ये हवा असू शकते आणि औषध कमी जातं. महिनोन्‌महिने असं होऊन 'औषध लागू पडत नाही' अशी समजूत होते. त्वचेत घुसवून बटण पूर्ण दाबा, मनात दहा मोजा आणि मग सुई काढा. लगेच काढली तर मांडीवर थेंब येतो, तो डोसमधला. सुई पेनला लावून ठेवायची नाही, रात्रभरात हवा शिरते आणि औषध गळतं.

जागा: दोन्ही मांड्यांची बाहेरची बाजू, पोट बेंबीपासून दोन बोटं सोडून, नितंबाचा वरचा भाग. आज डावी मांडी, उद्या उजवी. एकाच ठिकाणी सारखं दिल्यास चरबीची गाठ होते किंवा तिथे खड्डा पडतो आणि औषध नीट शोषलं जात नाही. बोटाने चाचपून बघत जा, टणक लागलं ती जागा महिनाभर सोडा. वापरलेल्या सुया घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि भरला की बायोमेडिकल कचरा घेणाऱ्या लॅब किंवा हॉस्पिटलमध्ये द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकल्या तर सफाई कर्मचाऱ्याच्या हाताला लागतात.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस. दुप्पट करायचा नाही.

नेरूळ_औषधे

खर्च मोजायची पद्धत सांगतो. किंमत ब्रँडप्रमाणे बदलते, म्हणून आकडा मिग्रॅवर धरा, पेनवर नाही.

कमतरतेत डोस साधारण दिवसाला किलोमागे 0.025 ते 0.035 मिग्रॅ. मधला 0.03 धरला तर 17 किलोला 0.5 मिग्रॅ. 1 मिग्रॅ म्हणजे 3 युनिट, तर दीड युनिट. महिन्याचे 15 मिग्रॅ, म्हणजे 45 युनिट. चार औषध दुकानांत विचारा: तुमच्याकडची काडतुसं किती मिग्रॅची, आणि एकूण किंमतीला मिग्रॅने भागलं तर दर किती? त्याला 15 ने गुणा. दर कुणी युनिटमध्ये सांगितला तर 45 ने. चिठ्ठीवर एककाचा घोळ होऊन तिप्पट किंवा तिसरा हिस्सा डोस दिला गेल्याचे प्रकार घडतात. मिग्रॅ की युनिट, हे पहिल्याच दिवशी अक्षरात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, वजन वाढलं की डोस वाढतो. 30 किलोला 0.9 मिग्रॅ, म्हणजे महिन्याला 27. आजच्या खर्चावर पाच वर्षांचा अंदाज बांधलात तर तो चुकणारच. पाच वर्षांचं बजेट करताना शेवटच्या वर्षांसाठी आजच्या दुप्पट पैसे धरा.

वाया जाणारं औषधही मोजा. 15 मिग्रॅचं काडतूस 0.5 ने 30 दिवस जातं, पण बरीचशी उघडल्यावर 28 दिवसांत टाकावी लागतात. म्हणजे 1 मिग्रॅ फुकट, शिवाय दरवेळच्या थेंबाचं वेगळं. 5 मिग्रॅचं 10 दिवसांत संपतं, वाया कमी, पण महिन्याला तीन लागतात. एका कंपनीचं काडतूस दुसऱ्या कंपनीच्या पेनला बसत नाही, तेव्हा मध्येच स्वस्त मिळालं म्हणून वेगळं उचलू नका. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, डॉक्टरांच्या दवाखान्यातूनच नाव नोंदवावं लागतं. विचारायला लाजू नका.

साठवण 2 ते 8 अंश. फ्रिजच्या मधल्या फळीवर, दरवाजात नाही आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नाही. एक दरवाजाच्या फ्रिजमध्ये त्या भिंतीवर बर्फ धरतो, औषध गोठतं. गोठून वितळलेलं औषध दिसायला तसंच असतं, पण उपयोगाचं राहत नाही, टाकून द्यावं लागतं. दोनशे रुपयांचा थर्मामीटर आत ठेवा. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद केली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. घरपोच मागवताना डबा आणणाऱ्यासमोरच उघडून थंड आहे का बघा. आइस पॅक थेट औषधाला चिकटलेला नको, मध्ये कापड किंवा पुठ्ठा हवा. ऑगस्टमध्ये दारात दोन तास पडलेलं पार्सल मी तरी घेणार नाही. बिलावर मिग्रॅ, बॅच नंबर आणि एक्स्पायरी लिहून घ्या.

वाढ_आलेख

खर्चाबद्दल एक भर. सिद्ध झालेली ग्रोथ हार्मोनची कमतरता केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरण 2021 मध्ये गट 2 मध्ये आहे, टर्नर आणि प्रेडर-विली सिंड्रोम हे जन्मजात गुणसूत्रदोषाचे आजारसुद्धा. मदत 50 लाख रुपयांपर्यंत असू शकते, पण ती नेमलेल्या सेंटर ऑफ एक्सलन्समार्फत जाते. मुंबईत ते परळचं केईएम. अर्ज समितीपुढे जातो आणि मंजुरी आपोआप मिळत नाही, म्हणून दोन्ही स्टिम टेस्ट, एमआरआय आणि तीन वर्षांची मोजमापं यांची फाइल आत्ताच व्यवस्थित लावा. ठाण्याहून स्लो लोकलने परळ, तिथून केईएम आणि मुलांचं वाडिया हॉस्पिटल चालत. नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ला आणि तिथे गाडी बदलायची. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचं औषध बहुतेक वेळा बसत नाही, पण कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीची वेगळी तरतूद असली तर लेखी विचारा.

मानपाडा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. फ्री टी-4, टीटीजी आणि दुसरी टेस्ट करून घेतो. अजून दोन शंका. एक वर्ष थांबून पाहिलं तर नुकसान काय? आणि मुलाला नेमकं काय सांगायचं? रोज टोचणार म्हटल्यावर तो विचारेलच.

वर्तकनगर_बालरोग

थांबण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. अजून सहा महिने उंची बघून मग ठरवलं तरी चालेल. तीनच महिन्यांत मात्र काही ठरवू नका. मोजण्यात अर्धा सेंमीची चूक तीन महिन्यांच्या अंतरात वर्षाला 2 सेंमीची वाटते. मोजायचंही नीट: अनवाणी, टाचा-नितंब-पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर काटकोनात कडक पुस्तक, तीनदा मोजून सरासरी, आणि नेहमी एकाच वेळेला, कारण संध्याकाळी मूल सकाळपेक्षा साधारण सेंमीभर कमी भरतं. दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने केलेल्या रेघांवर मी निर्णय घेऊ देणार नाही.

वाढ_आलेख

सहा महिने तपासण्या करता करता निघून जातीलच, तेवढं मान्य. पण फक्त बघण्यासाठी वर्ष घालवणं या मुलाच्या बाबतीत मला पटत नाही. त्याचे आकडे एकाच दवाखान्यातले आहेत आणि दोन वर्षांचे आहेत, चुकीला फार जागा नाही. हाडांची वाढ होणारी टोकं बंद झाली की हार्मोन कितीही दिलं तरी उंची वाढत नाही, आणि सर्वांत जास्त फायदा वयात येण्याच्या आधीच्या वर्षांत होतो. कमतरता सिद्ध असलेल्या मुलाचा वेग पहिल्या वर्षी 3.6 वरून 8 ते 10 सेंमीपर्यंत जातो, काहींचा त्याहून थोडा जास्त. दुसऱ्या वर्षापासून तो उतरत जातो, ते अपेक्षित आहे. म्हणून दोन्ही टेस्ट कमी आल्या आणि एमआरआयमध्ये गाठ नसली तर सुरू करा. दुसरी टेस्ट 12-15 आली तर नक्की थांबा आणि वर्षभर वेग बघा. मी याच दोन वाटांत निर्णय बांधीन.

पहिल्या वर्षाच्या शेवटी वेगात आधीपेक्षा 2 सेंमीसुद्धा भर पडली नाही, तर डोस वाढवण्याआधी बघायचं की रात्री चुकतायत का, औषध गोठलं का, पेनचा थेंब बघितला जातो का, थायरॉइड मध्येच कमी झालंय का. हार्मोन सुरू झाल्यावर लपलेली थायरॉइडची कमतरता उघडी पडते, म्हणून फ्री टी-4 पुन्हा पुन्हा. दर तीन-चार महिन्यांनी उंची आणि वजन, आयजीएफ-1, साखर, पाठीच्या कण्याचा वाक, वर्षातून एकदा बोन एज.

दुष्परिणाम फार कमी मुलांना होतात, पण दोन खुणांवर इंजेक्शन त्याच दिवशी थांबवून फोन करायचा. सतत डोकेदुखी, उलटी आणि धूसर दिसणं: डोक्यातला दाब वाढलेला असू शकतो, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आतली नस बघून घेतात. आणि लंगडणं, किंवा कंबरेत, मांडीत, गुडघ्यात दुखणं: खुब्याचं हाड सरकू शकतं. गुडघा दुखतो म्हटल्यावर फक्त गुडघ्याचा एक्स-रे काढून परत पाठवलं तर खुब्याचाही आग्रह धरा.

मुलाला खरं सांगा. 'तुझ्या शरीरात वाढीचं एक औषध कमी बनतं, ते आपण रोज थोडं देतो' एवढं आठ वर्षांच्या मुलाला पुरतं. तू उंच होशील असं वचन देऊ नका, आणि तू बुटका आहेस म्हणून देतोय असंही नको. कुठल्या मांडीत ते त्याला निवडू द्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजची खूण त्याच्या हातून करून घ्या. वागवायचं मात्र वयाप्रमाणे. आठ वर्षांच्या मुलाला 109 सेंमी बघून पाच वर्षांच्यासारखं उचलून घेणं घरच्यांनीही बंद करायचं, शाळेत वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगायचं.

खारघर_बाबा

इथेच विचारतो. मुलगी 10 वर्षांची, उंची 122, तिसऱ्या रेषेला टेकून. दरवर्षी 5 सेंमी वाढते. माझी उंची 160, पत्नीची 146. सगळ्या तपासण्या नॉर्मल. तरी दिलं तर काही सेंमी वाढतील का?

वाढ_आलेख

दादा, आधी एक प्रश्न: सगळ्या तपासण्यांत कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी होती का? बुटक्या मुलीत ती टर्नर सिंड्रोमसाठी (एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) करावीच लागते. साधारण 2,000 ते 2,500 मुलींमागे एकीला टर्नर असतो आणि पुष्कळ मुलींत मानेची जाड घडी, सुजलेले पाय असं काहीच दिसत नाही. निदान 30 पेशी तपासायला सांगा, कारण काहींच्या थोड्याच पेशींत दोष असतो. अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात. टर्नर निघाला तर हार्मोन उपयोगी आहे, डोसही जास्त, किलोला सुमारे 0.045 ते 0.05 मिग्रॅ. त्याआधी हृदयाचा इको आणि किडनीची सोनोग्राफी.

टर्नर नसेल तर तुमच्या मुलीचा हिशेब 160 अधिक 146 वजा 13, भागिले 2, म्हणजे 146.5. ती घराण्याच्या ठेवणीत आहे आणि वेगही चांगला आहे. अशा, कारण न सापडलेल्या बुटकेपणात अमेरिकेने 2003 मध्ये या औषधाला परवानगी दिली, तीही सरासरीच्या फार खाली असलेल्या मुलांसाठी. त्यात चार ते सात वर्षं रोज टोचून सरासरी साडेतीन ते साडेसात सेंमी मिळतात, कुणाला जास्त, कुणाला काहीच नाही. एवढ्यासाठी तिच्या मांडीत दीड ते अडीच हजार सुया टोचायच्या आणि प्रत्येक रात्री तिला सांगायचं की तू आहेस तशी पुरेशी नाहीस, हे मला योग्य वाटत नाही. पैसे हा मुद्दा त्यानंतरचा. मात्र दहाव्या वर्षी मुलींच्या छातीत गाठ जाणवायला लागली का ते बघत राहा. मुलींची उंचीची मोठी उडी वयात येण्याच्या सुरुवातीलाच असते आणि पाळीनंतर साधारण 5 ते 7 सेंमीच उरते. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

मानपाडा_आई

शेवटचं. सुरू केलं तर बंद कधी करायचं, आणि नंतर आयुष्यभर लागतं का?

वर्तकनगर_बालरोग

वर्षभराचा वेग 2 सेंमीच्या खाली गेला, किंवा मुलांचं बोन एज 16 च्या आसपास (मुलींचं 14) आलं, की उंचीसाठीचा डोस थांबवतात. मग महिना ते तीन महिने औषध बंद ठेवून आयजीएफ-1 आणि गरज पडली तर स्टिम टेस्ट पुन्हा करतात. लहानपणी कमतरता धरलेल्या बऱ्याच मुलांत ती मोठेपणी सापडत नाही, विशेषतः एमआरआय नॉर्मल असेल तर. ज्यांच्या एमआरआयमध्ये देठ तुटक असतो किंवा इतरही हार्मोन कमी असतात, त्यांना बहुधा कमी डोस पुढेही लागतो, पण तो स्नायू, हाडं आणि चरबीसाठी. म्हणून एमआरआयची सीडी आणि पहिल्या दोन्ही स्टिम टेस्टचे मूळ कागद जपून ठेवा. आठ-नऊ वर्षांनी ते पुन्हा मागितले जातात.